‘द एम्परर ऑफ ऑल मॅलडीज’मधील ल्युकेमिया आणि रक्तनिर्मितीचा प्रश्न : एक समीक्षा

प्रास्ताविक

डॉ. सिद्धार्थ मुखर्जी यांचा ‘द एम्परर ऑफ ऑल मॅलडीज’ हा ग्रंथ २०१० मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०११ मध्ये त्यास ललितेतर गद्यासाठीचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. लेखकाने उपशीर्षकातच त्याला कर्करोगाचे चरित्र म्हटले आहे. वैद्यकाचा इतिहास, रुग्णकथा आणि प्रयोगशाळेतील संशोधन यांची एवढ्या प्रमाणावर गुंफण करणारा दुसरा ग्रंथ अलीकडच्या काळात सहसा आढळत नाही. विज्ञान आणि मानव्यविद्या या दोन्ही शाखांच्या अध्यापकांनी तो आवर्जून वाचला, याचे कारणही हेच होय.

ग्रंथाचा आरंभ स्तनाच्या, फुप्फुसाच्या किंवा मुखाच्या कर्करोगाने होत नाही; तो तीव्र ल्युकेमियाने होतो. मॅसॅच्युसेट्समधील एका बालवाडीत शिकविणारी कार्ला रीड ही तीस वर्षांची, तीन मुलांची आई. २००४ च्या मे महिन्यात डोकेदुखी, थकवा आणि अंगावर अकारण उमटणारे काळेनिळे डाग घेऊन ती डॉक्टरांकडे जाते आणि रक्ताच्या एका तपासणीने तिचे आयुष्य बदलते. आधुनिक रसायनोपचाराचा जो इतिहास पुढे येतो, त्याची सुरुवातही बॉस्टनमधील ल्युकेमियाग्रस्त बालकांपासून होते. ही निवड योगायोगाची नाही. शरीराच्या आत खोलवर दडलेली गाठ त्या काळी मोजता येत नव्हती; रक्तातील पेशी मात्र एका थेंबावरून मोजता येत होत्या. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया निवडला तो या मोजमापाच्या सोयीमुळे, हे मुखर्जी यांनी नेमकेपणाने दाखविले आहे.

तथापि तीव्र ल्युकेमियाच्या रुग्णाच्या अस्थिमज्जेत एकाच वेळी दोन घटना घडत असतात. पहिली, अपक्व पेशींची अनिर्बंध वाढ. दुसरी, नेहमीच्या रक्तनिर्मितीचा ऱ्हास. पहिल्या घटनेला रोग म्हणतात. पण रुग्ण दगावतो तो बहुधा दुसरीमुळे. मुखर्जी यांच्या ग्रंथाने पहिल्या घटनेला नायकपद दिले आणि दुसरीला लक्षणांच्या यादीत बसविले. विशेष म्हणजे ग्रंथातील सर्वांत समृद्ध पाने या दुसऱ्या घटनेविषयीच आहेत. चरित्र या साहित्यप्रकाराची निवड आणि ग्रंथाचे स्वतःचे द्रव्य यांतील हा विसंवाद तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

पांढरे रक्त : एका नावाचा वारसा

१८४५ मध्ये एडिंबरो येथे जॉन बेनेट यांनी प्लीहा फुगलेल्या एका अठ्ठावीस वर्षांच्या कामगाराच्या शवविच्छेदनाचे वर्णन केले आणि त्याच्या रक्तातच पू झाला असावा असा तर्क केला. त्याच वर्षी बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिरखो यांनी तशाच एका रुग्णाचे निरीक्षण नोंदविले. मात्र कारणाविषयी अंदाज न बांधता, जे दिसले त्याचेच नाव त्यांनी घेतले, पांढरे रक्त. १८४७ मध्ये याच अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून ‘ल्युकेमिया’ ही संज्ञा त्यांनी रूढ केली. फिरखो यांच्या या संयमाचे मुखर्जी मनापासून कौतुक करतात आणि ते रास्तच आहे.

पण या नावातच एक कल येऊन बसला. पांढऱ्या पेशी फार झाल्या, एवढेच ते नाव सांगते. इतर पेशी कोठे गेल्या, हे सांगत नाही. बेनेट आणि फिरखो यांच्या काळात रक्तपेशी शरीरात नेमक्या कोठे तयार होतात, हेच ज्ञात नव्हते. १८६८ मध्ये अर्न्स्ट नॉयमान आणि ज्युलिओ बित्सोझेरो यांनी स्वतंत्रपणे अस्थिमज्जेकडे बोट दाखविले आणि पुढे लवकरच नॉयमान यांनी ल्युकेमियाचा संबंध मज्जेशी जोडला. म्हणजे रोगाला नाव मिळाले तेव्हा त्याचे घर ठाऊक नव्हते. शिवाय, तीव्र ल्युकेमियाच्या काही रुग्णांत निदानाच्या वेळी रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या वाढलेली नसते. ती कमीदेखील असू शकते. तेथे हे नाव निरर्थकच ठरते.

मराठीत रूढ झालेला ‘रक्ताचा कर्करोग’ हा शब्दप्रयोगही याच अंगाने जातो. रोग रक्तात आहे, म्हणून रक्त बदलले की तो जाईल, हा समज त्यातून सहज निर्माण होतो. एकूणच मराठी भाषेतील रक्ताविषयीचे वाक्प्रचार रक्ताला साठा मानतात. रक्त आटवायचे, रक्त ओकायचे, रक्त सांडायचे, रक्ताचे पाणी करायचे. रक्त रोज नव्याने घडते, असे सांगणारा वाक्प्रचार शोधूनही सापडत नाही. आयुर्वेदातील सप्तधातूंच्या क्रमातही रसापासून रक्त होते आणि मज्जा त्यानंतर कितीतरी पुढे, अस्थीच्या पलीकडे येते. म्हणून मज्जा हेच रक्ताचे उगमस्थान ही गोष्ट मराठी वाचकाला शिकूनच घ्यावी लागते. इंग्रजी वाचकाची स्थिती याहून फार वेगळी असेल असे नाही. आणि म्हणूनच अशा ग्रंथाकडून अपेक्षा अधिक असते.

वस्तुस्थिती अशी की प्रौढ व्यक्तीच्या मज्जेत दररोज सुमारे २०० अब्ज तांबड्या पेशी आणि १०० अब्जांहून अधिक बिंबिका, म्हणजे रूढ भाषेतील प्लेटलेट, तयार होतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, बिंबिका सात ते दहा दिवस. न्यूट्रोफिल या संरक्षक पांढऱ्या पेशीचे रक्तातील वास्तव्य तर फार झाले तर दिवसभराचे. निर्मिती थांबली की परिणाम कोणत्या क्रमाने दिसणार, हे या आयुर्मानावर अवलंबून असते. संरक्षण आणि रक्त गोठण्याची क्षमता आधी ढासळते, रक्तक्षय सावकाश पुढे येतो. कार्लाच्या पाठीवरील डाग बिंबिकांच्या अभावाचे आणि तिची डोकेदुखी तांबड्या पेशींच्या अभावाची खूण होती, हे ग्रंथात आले आहे. परंतु ते उकललेल्या रहस्याच्या धाग्यांसारखे येते. डॉक्टरांनी खुणा ओळखल्या, आरोपी सापडला, आणि मग कथा आरोपीच्या मागे जाते. ज्या कारखान्याचे काम थांबल्यामुळे या खुणा उमटल्या, त्याच्याकडे ती पुरेशी थांबत नाही.

रम्य फिकटपणाला दिलेला छेद

येथे ग्रंथाच्या एका मोठ्या गुणाची नोंद आवश्यक आहे. सुझन सोन्टॅग यांनी १९७८ मधील ‘इलनेस ॲज मेटाफर’मध्ये दाखविले होते की, एकेकाळी क्षयाला असलेले रम्य मृत्यूचे स्थान लोकप्रिय कथात्म साहित्यात ल्युकेमियाने पटकावले. एरिक सीगल यांच्या ‘लव्ह स्टोरी’तील नायिकेला पोटाचा किंवा स्तनाचा नव्हे, तर हाच कर्करोग होतो, कारण त्यात अंग कापावे लागत नाही, देह विद्रूप होत नाही. योगायोगाने १९७८ मध्येच प्रदर्शित झालेल्या ‘अँखियों के झरोखों से’ या हिंदी चित्रपटाच्या नायिकेचा आजारही ल्युकेमियाच होता, आणि त्यातील नायक सचिन असल्याने मराठी प्रेक्षकांच्या एका पिढीच्या मनात या रोगाचे तेच चित्र कोरले गेले. निस्तेज चेहरा, विझत जाणारा आवाज, शेवटचे गाणे.

हा फिकटपणा म्हणजे तांबड्या पेशींची घटलेली निर्मिती होय. पण न्यूट्रोफिलांच्या अभावी तोंडात उठणारे व्रण, दाद न देणारा ताप, हिरड्यांतून होणारा रक्तस्राव यांना त्या रम्यतेत जागा नसते. मुखर्जी यांनी ही रम्यता निर्दयपणे मोडून काढली. त्यांच्या वॉर्डातील रुग्णांना उलट्या होतात, ताप चढतो, त्यांची एकाकी खोली त्यांना खायला उठते. ही प्रामाणिक चित्रणशक्ती मान्य करूनच पुढील मुद्दे मांडावे लागतात.

मुंबईतील रक्तक्षय, बॉस्टनमधील बालके

ग्रंथातील फॉलिक आम्लाची कथा ही वस्तुतः रक्तनिर्मितीची कथा आहे, आणि तिचा उगम मुंबईत आहे. लूसी विल्स ही चाळिशीतील इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये गर्भवती स्त्रियांमधील तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास करण्यासाठी भारतात आली आणि १९३३ पर्यंतच्या कामात मुख्यतः मुंबईच्या हाफकिन संस्थेत राहिली. हा रक्तक्षय कापड गिरण्यांशी निगडित गरीब स्त्रियांत विशेष आढळत होता. त्यात तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या असत. विल्स यांनी निरनिराळ्या समाजगटांतील स्त्रियांचा आहार तपासला, प्राण्यांवर प्रयोग केले आणि अखेर यीस्टच्या अर्काने, अगदी ‘मार्माइट’ या साध्या खाद्यपदार्थाने, हा रक्तक्षय बरा होतो हे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अज्ञात घटकाला ‘विल्स घटक’ म्हटले गेले. तो घटक म्हणजेच फॉलिक आम्ल.

या रक्तक्षयात मज्जा रिकामी नसते. ती पेशींनी भरलेली असते. पण त्या पेशी पक्व होत नाहीत, मज्जेतच नष्ट होतात आणि बाहेर फारच थोड्या पडतात. फॉलिक आम्ल मिळताच त्यांची वाढ मार्गी लागते. फार्बर यांचा पहिला तर्क येथूनच निघाला. ल्युकेमियातही मज्जा अपक्व पेशींनी भरलेली असते. मग तेच द्रव्य देऊन या पेशींनाही पक्वतेकडे का नेता येऊ नये? त्यांनी ल्युकेमियाग्रस्त बालकांना फॉलिक आम्लाची संयुगे दिली. परिणाम उलटा झाला. रोगाचा वेग वाढल्याचे त्यांना दिसले. मग त्यांनी दिशा बदलली. येल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या लेडर्ले प्रयोगशाळेतून आलेले ॲमिनोप्टेरिन हे फॉलिक आम्लविरोधी द्रव्य १९४७ च्या डिसेंबरअखेर एका दोन वर्षांच्या मुलाला देण्यास सुरुवात झाली आणि त्याच्या रोगाने माघार घेतली. जून १९४८ मध्ये फार्बर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा बालकांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांपैकी दहांना लक्षणीय गुण आला होता. हा गुण तात्पुरता आहे, हे त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच नमूद केले.

मुखर्जी हा भाग अतिशय रंजकपणे सांगतात. मुंबई, पर्ल रिव्हर आणि बॉस्टन या तीन ठिकाणांना त्यांनी एका सूत्रात ओवले आहे. परंतु या कथेचा अर्थ लावताना त्यांचे लक्ष विषाच्या शोधावर केंद्रित होते. फार्बर यांचा पहिला, फसलेला प्रयोग त्यांच्या निवेदनात एक चुकलेले पाऊल ठरतो. त्यावरून सुधारून नायक योग्य वाटेला लागतो. प्रत्यक्षात तो फसलेला प्रयोग म्हणजे ल्युकेमियाकडे निर्मितीचा विकार म्हणून पाहण्याचा एक गंभीर प्रयत्न होता. पेशी मारू नये, तिला मोठी होऊ द्यावी, ही ती कल्पना. द्रव्य चुकले, कल्पना चुकली होती असे म्हणता येत नाही. हे पुढे चाळीस वर्षांनी सिद्ध झाले आणि ते मुखर्जी यांच्याच ग्रंथात, पण दुसऱ्या टोकाला, आले आहे.

शांघायचे प्रकरण

ग्रंथाच्या उत्तरार्धात तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाची हकीकत येते. शांघायच्या रुईजिन रुग्णालयातील वांग झेन-यी आणि पॅरिसमधील लोरां देगोस यांच्या सहकार्यातून ऑल-ट्रान्स रेटिनॉइक आम्ल हे ‘अ’ जीवनसत्त्वाशी संबंधित द्रव्य या रुग्णांना देण्यात आले. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात चोवीस रुग्णांचा अनुभव होता. सर्वांच्या रोगाला उतार पडला आणि, हे अधिक महत्त्वाचे, त्यासाठी त्यांची मज्जा ओस पडली नाही. रसायनोपचारात मज्जा आधी उद्ध्वस्त होते आणि मग नव्याने भरते. येथे तसे झाले नाही. अपक्व पेशी पक्व झाल्या आणि वयोमानाप्रमाणे मरून गेल्या.

फार्बर यांचा १९४७ पूर्वीचा तर्क आणि शांघायचे हे यश एकाच विचाराची दोन रूपे आहेत. एखाद्या इतिहासकाराला यापेक्षा सुंदर सांधा कोणता मिळणार! पण ग्रंथाच्या रचनेत हा सांधा ठळक होत नाही. शांघायची कथा तेथे ‘नेमक्या लक्ष्यावर मारा करणाऱ्या’ नव्या औषधांची नांदी म्हणून येते, कारण त्या भागाचे सूत्र जनुकीय बिघाड आणि त्याला अनुरूप औषध हे आहे. शत्रू, शस्त्र आणि लक्ष्य ही रूपकमालिका इतकी प्रभावी ठरते की, ज्या उपचारात कोणालाच मारलेले नाही तोही मारा ठरतो.

याचा अर्थ सर्वच तीव्र ल्युकेमियांवर अशी समजूत घालणारी औषधे चालतील, असा नव्हे. बहुसंख्य रुग्णांत आजही पेशीनाशक औषधांना पर्याय नाही आणि पेशींचा हा अडलेला विकास अनेक वेगवेगळ्या कारणांनी अडलेला असतो. मात्र ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर २०१७ मध्ये एनासिडेनिब, २०१८ मध्ये आयव्होसिडेनिब आणि २०२४ मध्ये रेव्ह्युमेनिब या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. विशिष्ट जनुकीय बदल असलेल्या पेशींचा अडलेला विकास पुढे सरकविणे, हेच त्यांचे कार्य आहे. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९९८ पासून प्रोमायलोसायटिक ल्युकेमियात केवळ आर्सेनिक ट्रायऑक्साइड वापरून जो अनुभव मिळविला, तोही याच मालिकेतील आहे. ग्रंथाच्या सुधारित वाचनात या घडामोडींचा विचार करावाच लागेल.

गर्दीचे रूपक

रक्तनिर्मिती का थांबते, या प्रश्नाला पाठ्यपुस्तकांत एक सोपे उत्तर असते. अपक्व पेशी मज्जेत दाटी करतात, त्यामुळे निरोगी पेशींना जागा उरत नाही. मुखर्जी यांच्या ग्रंथाचा सूरही या स्पष्टीकरणाशी जुळणारा आहे. आक्रमकाच्या चरित्रात हे स्वाभाविकच होय. आक्रमक येतो, जागा बळकावतो, मूळ रहिवासी हुसकावले जातात.

पण हे रूपक वस्तुस्थितीच्या कसोटीवर पुरते उतरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या वर्गीकरणाने तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या निदानासाठी मज्जेतील अपक्व पेशींची मर्यादा तीस टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली. वीस-पंचवीस टक्के अपक्व पेशी असलेल्या रुग्णांतही बिंबिका आणि न्यूट्रोफिल अत्यंत कमी झालेले आढळतात. काही रुग्णांची मज्जा तर पेशींनी भरलेली नव्हे, विरळ असते. मग गर्दी कोठे आहे? २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात कोल्मोन आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगातून दाखविले की, ल्युकेमियाच्या पेशी मज्जेतील कोनाडे, म्हणजे मूलपेशींची राहण्याची विशिष्ट ठिकाणे, आपल्या सोयीने बदलून टाकतात आणि निरोगी पूर्वज पेशी तेथे ओढल्या जाऊन त्यांचे वर्तन बिघडते. २०१३ मध्ये मिराकी-मूद आणि सहकाऱ्यांच्या संशोधनाने याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आणली. तीव्र मायलॉइड ल्युकेमियात निरोगी मूलपेशी नाहीशा होत नाहीत. त्या टिकून राहतात, पण त्यांची पुढच्या पायरीवरील वाटचाल रोखली जाते.

२०१३ चे संशोधन २०१० च्या ग्रंथात नाही म्हणून दोष देणे अर्थातच अनुचित ठरेल. मुद्दा रूपकाचा आहे. हुसकावलेला रहिवासी परत येत नाही. घरातच गप्प करून बसविलेला माणूस बोलता होऊ शकतो. उपचारानंतर रुग्णाची रक्तनिर्मिती कशी परतते, हे पहिल्या रूपकाने समजत नाही, दुसऱ्याने समजते. जी पेशी तेथे होतीच, तिला पुन्हा काम मिळाले, एवढेच घडलेले असते. वर्गात हा विषय शिकविणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक किरकोळ नाही. रुग्णाच्या आप्तांना तो समजावून सांगणाऱ्याच्या दृष्टीने तर मुळीच नाही.

मृत्यूचे कारण

१९६५ मध्ये हर्श, बोडी, नीस आणि फ्रायराइख यांनी १९५४ ते १९६३ या दहा वर्षांतील ४१४ तीव्र ल्युकेमिया रुग्णांच्या मृत्यूच्या कारणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग ही त्यांतील प्रमुख कारणे होती. त्याआधी १९६२ मध्ये गेडॉस, फ्रायराइख आणि मँटेल यांनी बिंबिकांची संख्या आणि रक्तस्राव यांचे संख्यात्मक नाते दाखविले होते. १९६६ मध्ये बोडी व सहकाऱ्यांनी पांढऱ्या पेशींची संख्या आणि जंतुसंसर्ग यांचे तसेच नाते मांडले. हे तीन निबंध एकत्र वाचले म्हणजे एक गोष्ट लख्ख होते. रुग्ण अपक्व पेशींच्या संख्येने थेट मरत नव्हता; जे तयार व्हायला हवे होते ते तयार न झाल्याने मरत होता. बिंबिकांचे संक्रमण सुरू झाल्यावर रक्तस्रावाने होणारे मृत्यू घटले आणि त्यामुळेच अधिक तीव्र रसायनोपचार देण्याचे धाडस शक्य झाले.

एमिल फ्रायराइख हे मुखर्जी यांच्या ग्रंथातील एक ठसठशीत पात्र आहे. त्यांचा हट्टीपणा, एमिल फ्राय यांच्याबरोबरची जोडी, चार औषधांचा एकत्रित प्रयोग हे सर्व तेथे जिवंत झाले आहे. बिंबिकांच्या संक्रमणाचाही उल्लेख आहे. पण तोलून पाहता, औषधांच्या मिश्रणाला नाट्याचे स्थान मिळते आणि बिंबिकांना पूर्वतयारीचे. वस्तुतः चार औषधांचा मारा रुग्णाने सोसावा म्हणून त्याच्या थांबलेल्या रक्तनिर्मितीची जागा दुसऱ्या कोणाच्या तरी रक्तनिर्मितीने भरून काढली जात होती. तो दुसरा कोणी, म्हणजे रक्तदाता, या चरित्रात ठळक पात्र म्हणून येत नाही. सम्राटाच्या दरबारात त्याला आसन नाही.

याचा संबंध महाविद्यालयांशीही येतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या वतीने दरवर्षी एखाद्या जयंतीला किंवा वर्धापनदिनी मोठे रक्तदान शिबिर होते, बाटल्यांचा आकडा वार्षिक अहवालात जातो आणि विषय संपतो. तांबड्या पेशी शीतपेटीत पाच-सहा आठवडे टिकतात. बिंबिका सामान्यतः वीस ते चोवीस अंश तापमानात, सतत हलवत ठेवून, जेमतेम पाच दिवस. ल्युकेमियाच्या रुग्णाची मज्जा उपचारानंतर तीन-चार आठवडे काहीच बनवीत नाही. एका दिवशी जमविलेल्या दोनशे पिशव्यांतील बिंबिका त्याला दुसऱ्या आठवड्यात उपयोगी पडत नाहीत. त्याला दोन-दोन दिवसांआड येणारे दाते लागतात. रक्त हा साठा आहे, ही भाषेतील समजूत येथे शिबिराच्या वेळापत्रकातही उतरलेली दिसते.

उताराची व्याख्या

चरित्राच्या चौकटीला सर्वांत अडचणीचा पुरावा वैद्यकाच्या परिभाषेतच आहे. तीव्र मायलॉइड ल्युकेमियात रोगाला ‘पूर्ण उतार’ पडला असे कधी म्हणावे, यासंबंधी २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय कार्यगटाने प्रसिद्ध केलेल्या निकषांत मज्जेतील अपक्व पेशी पाच टक्क्यांहून कमी असणे पुरेसे मानलेले नाही. रक्तातील न्यूट्रोफिल प्रति मायक्रोलिटर एक हजारावर आणि बिंबिका एक लाखावर गेल्या पाहिजेत, अशीही अट आहे. अपक्व पेशी गेल्या, पण रक्तनिर्मिती पूर्ववत झाली नाही, तर त्यास वेगळे नाव आहे. म्हणजे शत्रू मेला, एवढ्याने वैद्यक समाधानी होत नाही. गिरणी पुन्हा सुरू झाली का, हे ते विचारते.

मुखर्जी स्वतः कर्करोगतज्ज्ञ असल्याने त्यांना हे निकष कोणाही समीक्षकापेक्षा अधिक ठाऊक आहेत. कार्लाच्या उपचारांच्या वर्णनात रक्तपेशींची संख्या परतण्याची प्रतीक्षा येते आणि ती प्रतीक्षा त्यांनी संयत शब्दांत रंगविली आहे. तरीही ही प्रतीक्षा दोन लढायांमधील विश्रांतीसारखी वाटते. वाचकाच्या मनात राहतात ती औषधांची नावे आणि शत्रूची चलाखी. ग्रंथाच्या शीर्षकात कर्करोगाला सम्राटपद बहाल केल्यावर दुसरे काय होणार? सम्राटाच्या चरित्रात प्रजेच्या शेतीवाडीचा वृत्तांत क्वचितच येतो.

२०२२ चा ग्रंथ

मुखर्जी यांनी २०२२ मध्ये ‘द साँग ऑफ द सेल’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात रक्तपेशी, बिंबिका आणि मूलपेशी यांना स्वतंत्र प्रकरणे आहेत. १९६१ मध्ये टोरोंटो येथे जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्युलॉक यांनी किरणोत्साराने मज्जा नष्ट केलेल्या उंदरांना निरोगी मज्जापेशी दिल्या आणि त्यांच्या प्लीहेत एकेका पेशीपासून वाढलेल्या वसाहती मोजल्या. रक्तनिर्मितीचे मूळ शोधणारा हा प्रयोग त्या ग्रंथात यथायोग्य मानाने येतो. तीव्र ल्युकेमियातून वाचलेल्या एमिली व्हाइटहेड या मुलीची २०१२ मधील पेशीचिकित्साही तेथे आहे. पेशीकडे केवळ गुन्हेगार म्हणून नव्हे, तर काम करणारी, नव्याने घडणारी आणि घडविणारी म्हणून पाहण्याची दृष्टी या ग्रंथात आहे. पहिल्या ग्रंथातील उणीव लेखकालाही जाणवली असावी, असे मानण्यास जागा आहे.

परंतु येथे उलटी अडचण उद्भवते. रक्तनिर्मितीची कथा आता पेशीच्या गौरवगाथेत गेली आणि ल्युकेमिया तिच्यातील एक प्रसंग झाला. बारा वर्षांच्या अंतराने आलेल्या दोन ग्रंथांत एकाच मज्जेचे दोन वृत्तांत आहेत. एकात आग आहे, दुसऱ्यात चूल. रुग्णाच्या हाडात मात्र ती एकाच जागी असतात. पदवी वर्गात किंवा वाचनमंडळात हे ग्रंथ लावावयाचे झाल्यास प्रकाशनाचा क्रम बाजूला ठेवणे श्रेयस्कर ठरेल. आधी दुसऱ्या ग्रंथातील मूलपेशींचे प्रकरण, मग पहिल्यातील लूसी विल्स आणि फार्बर यांची पाने, त्यांना लागूनच शांघायची हकीकत, आणि त्यानंतर कार्ला रीडची पहिली सकाळ वाचावी. तिच्या पाठीवरचे काळेनिळे डाग या क्रमाने वाचणाऱ्या विद्यार्थ्याला वेगळे दिसतील.